निकाराग्वात सणाची सुट्टी कायम आहे, मग मिरवणुकीवर बंदी का?

७ डिसेंबर, संध्याकाळचे सहा. निकाराग्वातल्या लेओन शहरात कॅथेड्रलच्या घंटा वाजू लागतात, फटाके फुटतात आणि सगळं शहर रस्त्यावर येतं. घरोघरी दर्शनी खोलीत मरियामातेची मूर्ती फुलांनी सजवलेली असते. पोरंटोरं, म्हातारेकोतारे घोळक्यानं एकेका दारात जातात आणि ओरडून विचारतात, एवढा आनंद कोणामुळे? मरियामातेच्या नावानं तेवढ्याच मोठ्या आवाजात उत्तर येतं. मग यजमान प्रत्येकाच्या पिशवीत उसाचं कांडं, संत्रं, लिंबू, खोबऱ्याची मिठाई असं काहीबाही टाकतो. हल्ली प्लास्टिकची भांडीही देतात. पिशवी घेऊन घोळका पुढच्या दाराकडे.

या सणाचं नाव 'ला ग्रितेरिया'. शब्दशः अर्थ 'आरडाओरडा'. १८५७ साली लेओनमध्येच तो सुरू झाला असं मानतात. त्याआधी २८ नोव्हेंबरपासून नऊ दिवस घराघरांत 'ला पुरिसिमा'ची प्रार्थना चालते आणि ८ डिसेंबरला देशभर सुट्टी असते. मरिया आईच्या उदरात आली त्या क्षणापासूनच पापमुक्त होती, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तिचा हा सण. वसईकर त्याला अमलोद्भव मातेचा सण म्हणतील. पणजीच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांच्या चर्चचं फेस्तही याच ८ डिसेंबरचं.

फरक एवढाच, की पणजीत फेस्ताची मिरवणूक रस्त्यावर निघाली म्हणून कुणाला देश सोडावा लागत नाही.

निकाराग्वात गेल्या काही वर्षांत नेमकं हेच होतंय. सुट्ट्यांच्या यादीतून एकही सण काढलेला नाही. उलट सरकार सण जोरात साजरे करतं. पण चर्चनं काढलेल्या मिरवणुका रस्त्यावरून गायब झाल्या आहेत. मिरवणूक काढली म्हणून, एखाद्या बिशपसाठी प्रार्थना केली म्हणून, इतकंच काय मोठ्या आवाजातल्या गाण्यांची तक्रार केली म्हणून धर्मगुरूंना देशाबाहेर काढलं गेलंय. आणि हे करणारं सरकार स्वतःला 'ख्रिस्ती, समाजवादी आणि एकजुटीचं' म्हणवतं. ही भानगड समजून घ्यायची तर आधी त्या देशाची सुट्ट्यांची यादी वाचायला हवी.

यादीत लपलेला इतिहास

निकाराग्वा मध्य अमेरिकेत आहे. उत्तरेला होंडुरास, दक्षिणेला कोस्टा रिका, एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. आकार महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी, लोकसंख्या साधारण ७० लाख. कामगार कायद्यात देशभराच्या सुट्ट्या दिल्या आहेत त्या अशा: १ जानेवारी, ईस्टरच्या आधीचे गुरुवार-शुक्रवार, १ मे, १९ जुलै, १४ आणि १५ सप्टेंबर, ८ डिसेंबर आणि नाताळ.

१५ सप्टेंबर सोपा आहे. १८२१ मध्ये त्या दिवशी मध्य अमेरिकेनं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. म्हणून ग्वाटेमाला, एल साल्वाडोर, होंडुरास, कोस्टा रिका आणि निकाराग्वा या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन एकच.

पण निकाराग्वाला एक दिवस आधीपासूनच सुट्टी लागते. विल्यम वॉकर नावाचा एक अमेरिकी साहसवीर १८५० च्या दशकात भाडोत्री सैनिक घेऊन इथं उतरला आणि १८५६ मध्ये चक्क देशाचा राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. त्यानं गुलामगिरीही परत आणली. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला सान हासिंतो इथल्या एका मोठ्या शेतघरापाशी निकाराग्वाच्या तुकडीनं त्याच्या माणसांना पळवून लावलं. गोळ्या संपल्यावर एका सैनिकानं दगड मारून शत्रूला लोळवलं, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. अमेरिकेबद्दलचा तिथला राग किती जुना आहे, ते या सुट्टीवरून कळतं.

१९ जुलै हा क्रांतीचा दिवस. १९३० च्या दशकापासून सोमोसा घराण्यानं हा देश घरची मालमत्ता असल्यासारखा चालवला. १९७९ मध्ये सांदिनिस्ता बंडखोरांनी त्यांना हाकललं. त्या बंडखोरांपैकी एक होता डॅनिएल ओर्तेगा. आज तोच सत्तेत आहे.

यादीबाहेरचा एक दिवसही सांगायला हवा. निकाराग्वाचा मातृदिन ३० मे रोजी असतो. कारण? पहिल्या सोमोसानं आपल्या सासूबाईंच्या वाढदिवसाची तारीख निवडली. हुकूमशहा गेला, त्याचं घराणं गेलं, पण सासूबाईंचा वाढदिवस राहिला. २०१८ नंतर मात्र या तारखेचा अर्थच बदलला. त्याकडे पुढे येऊ.

रस्ता हाच देव्हारा

निकाराग्वातले सण चर्चच्या आत मावणारे नाहीत. राजधानी मानाग्वाचा सांतो दोमिंगोचा उत्सव घ्या. या संताची मूर्ती तळहातावर मावेल एवढीशी. लोक लाडानं तिला 'मिंगीतो' म्हणतात. १ ऑगस्टला ती शहराच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या चर्चमधून खाली राजधानीत आणतात आणि १० ऑगस्टला परत नेतात. या दोन्ही दिवशी फक्त मानाग्वात सुट्टी असते. वाटेत हजारो माणसं नाचतात. नवस फेडायला काही जण अंगाला काळं तेल फासून घेतात. कुणी अनवाणी, कुणी डोक्याला शिंगं बांधून. यात भक्ती कुठं संपते आणि धिंगाणा कुठं सुरू होतो, हे तिथल्या पाद्र्यांनाही नीट सांगता येत नसावं.

मासाया शहरात ३० सप्टेंबरला सान हेरोनिमोचा सण येतो आणि त्याची लांबण पुढे महिने दोन महिने चालते. त्यातच 'तोरोवेनादो' असतो. लोक मुखवटे घालून, सोंगं घेऊन निघतात आणि गावातल्या बड्या धेंडांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांची खिल्ली उडवतात.

जानेवारीत दिरियांबा गावात सान सेबास्तियानच्या उत्सवात 'एल ग्वेग्वेन्से' हे नृत्यनाट्य रस्त्यावर होतं. युनेस्कोनं २००५ मध्ये त्याचा गौरव केला. गोष्ट अशी: एक म्हातारा व्यापारी आहे. स्पॅनिश अंमलदार त्याला कर मागायला बोलावतात. म्हातारा बहिरेपणाचं सोंग आणतो. प्रत्येक हुकमाचा भलताच अर्थ काढतो, गोड बोलून साहेबाला गुंडाळतो आणि शेवटी आपलं काम साधून घेतो. साहेबाच्या तोंडावर हो म्हणायचं आणि मनातलं करायचं. निकाराग्वाचे लोक हा आपला राष्ट्रीय स्वभावच मानतात.

म्हणजे इथं सण ही रस्त्यावर येण्याची, ओरडण्याची आणि सत्तेवर हसण्याची पिढ्यानपिढ्यांची मुभा आहे. आणि सरकारला नेमकी हीच अडचण वाटू लागली.

ओर्तेगा आणि चर्चचं कुठं बिनसलं?

संबंध कायम वाईट नव्हते. १९८० च्या दशकात सांदिनिस्ता सरकार आणि बिशप यांच्यात उभा दावा होता हे खरं. १९९० मध्ये ओर्तेगा निवडणूक हरला. मग सत्तेत परतायचं तर चर्चशी जुळवून घ्यावं लागेल, हे त्यानं ओळखलं. एकेकाळचे कट्टर विरोधक कार्डिनल मिगेल ओबांदो यांच्याशी त्यानं दोस्ती केली. २००५ मध्ये याच कार्डिनलांनी ओर्तेगा आणि रोसारियो मुरियो यांचं लग्न चर्चच्या रीतीनं लावून दिलं. २००६ मध्ये गर्भपातावर सरसकट बंदी घालणारा कायदा झाला, त्याला ओर्तेगाच्या पक्षानं मतं दिली. २००७ मध्ये तो पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे मुरियो उपराष्ट्राध्यक्ष झाली आणि २०२५ च्या घटनादुरुस्तीनं नवरा-बायको दोघंही 'सह-राष्ट्राध्यक्ष' झाले. याच दुरुस्तीत पक्षाच्या लाल-काळ्या झेंड्याला राष्ट्रीय प्रतीकाचा दर्जा मिळाला.

ठिणगी पडली एप्रिल २०१८ मध्ये. सरकारनं पेन्शनच्या नियमांत बदल केले, त्याविरुद्ध आधी वृद्ध आणि मग विद्यार्थी रस्त्यावर आले. पोलिसांनी आणि सरकारसमर्थक टोळ्यांनी गोळ्या चालवल्या. इंटर-अमेरिकन मानवाधिकार आयोगाच्या नोंदीनुसार त्या आंदोलनात ३५५ माणसं मेली. ३० मे रोजी, मातृदिनी, एप्रिलमध्ये मुलं गमावलेल्या आयांसाठी मानाग्वात प्रचंड मोर्चा निघाला. त्यावरही गोळीबार झाला आणि आणखी मुलं गेली. अनेक घरांत तेव्हापासून ३० मे साजरा होत नाही, पाळला जातो.

या सगळ्यात चर्चनं जखमींना आसरा दिला, बिशपांनी मध्यस्थी केली. जुलैमध्ये मानाग्वातल्या एका चर्चमध्ये अडकलेल्या विद्यार्थ्यांवर रात्रभर गोळीबार झाला. काही दिवसांनी १९ जुलै आला. क्रांतिदिनाच्या व्यासपीठावरून ओर्तेगानं बिशपांना कटवाले, बंडखोरांचे साथीदार ठरवून टाकलं. दोस्ती संपली ती तिथं. सरकारच्या लेखी २०१८ चं आंदोलन हा अमेरिकेच्या पैशावर झालेला सत्तापालटाचा डाव होता. आजही अधिकृत भूमिका तीच आहे. ज्या एप्रिलमध्ये आंदोलन पेटलं, त्याच महिन्यातली १९ तारीख सरकारनं नंतर 'राष्ट्रीय शांतता दिन' म्हणून जाहीर केली. मेलेल्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी नक्की काय करायचं, हा प्रश्न सरकारला पडलेला दिसत नाही.

कायदा कुठंच नाही, बंदी सगळीकडे

सप्टेंबर २०१८ मध्ये पोलिसांनी विनापरवाना निदर्शनं बेकायदा ठरवली. मोर्चे बंद झाले. विरोधी पक्ष, वृत्तपत्रं, विद्यापीठं एकामागून एक गप्प केली गेली. सरकारनं जमवलेली नाही अशी मोठी गर्दी मग फक्त एकाच ठिकाणी उरली. सणाच्या मिरवणुकीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये मानाग्वातल्या फातिमामातेच्या मिरवणुकीला पोलिसांनी 'अंतर्गत सुरक्षे'चं कारण देऊन नकार दिला. लोक कॅथेड्रलच्या आवारात जमले. पुढच्याच महिन्यात मासायाच्या सान मिगेल आणि सान हेरोनिमोच्या मिरवणुका थांबवल्या. मासाया निवडलं हा योगायोग नसावा. २०१८ मध्ये सर्वांत चिवट प्रतिकार याच शहरातल्या मोनिंबो वस्तीनं केला होता. २०२३ मध्ये तर ईस्टरआधीच्या उपवासकाळात देशभरच रस्त्यावरची 'क्रुसाची वाट' बंद झाली. ती चर्चच्या आत किंवा फार तर अंगणात करा, असा निरोप आला.

हा आदेश कुठल्या राजपत्रात शोधायला जाल तर सापडणार नाही. पोलिस येऊन सांगून जातात, बस्स. त्यामुळे न्यायालयात आव्हान द्यायला हातात कागदच नसतो. सरकार म्हणतं धर्मस्वातंत्र्य पूर्ण आहे, चर्चची दारं उघडी आहेत, बघा, लोक प्रार्थना करतायत. दारं उघडी आहेत हे खोटं नाही. दारात पोलिसाची गाडी उभी असते, तेवढं त्यात सांगितलं जात नाही.

नियम मोडणाऱ्यांचं काय होतं, हेही लोकांनी पाहिलं. २०२३ च्या पवित्र आठवड्यात पनामाच्या एका धर्मगुरूला मिरवणूक काढल्याच्या आरोपावरून होंडुरासच्या सीमेवर सोडून दिलं. मातागाल्पाचे बिशप रोलांडो आल्वारेझ यांनी देश सोडून जायला नकार दिला, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना २६ वर्षांची शिक्षा सुनावली. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना व्हॅटिकनला पाठवून दिलं. त्यांच्यासाठी प्रार्थना करूया, असं म्हणणारा दुसरा बिशपही तुरुंगात गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिनोतेगाचे बिशप कार्लोस एरेरा प्रवचनात बोलले, की चर्चमध्ये मिस्सा चालू असताना महापौर बाहेर मुद्दाम मोठ्यानं गाणी वाजवतात. काही दिवसांत त्यांची रवानगी ग्वाटेमालाला झाली. ते देशाच्या बिशप परिषदेचे अध्यक्ष होते.

सरकारी पुरिसिमा

इथपर्यंत वाचून हे सरकार नास्तिक असावं असं वाटेल. कम्युनिस्ट राजवटीचं जुनं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण ते चित्र इथं लागू पडत नाही.

डिसेंबरमध्ये मानाग्वाच्या मुख्य रस्त्यावर, आवेनिदा बोलिव्हारवर, सरकारी खात्यांचे देखावे लागतात. मंत्रालयं, महामंडळं, सगळ्यांचे पुरिसिमाचे देव्हारे ओळीनं. रोषणाई, भेटवस्तू, संगीत. लोक कुटुंबासह येतात, रांगा लावतात. मुरियो दुपारच्या भाषणांत मरियामातेचं नाव घेते. पवित्र आठवड्यात समुद्रकिनारी सुट्टी घालवायची सरकारी जाहिरात असते. संतांच्या नावानं जत्रा, घोड्यांच्या मिरवणुका, मैफली नगरपालिका भरवतात.

सण बंद करायचाच नाहीये. तो चर्चकडून काढून घ्यायचाय. त्यातली मूर्ती, नाच, मिठाई, फटाके ठेवायचे आणि माईक मात्र आपल्या हातात घ्यायचा. साध्या बंदीपेक्षा हे जास्त हुशारीचं आहे. बंदीनं लोक चिडतात. फुकट मैफलीनं कशाला चिडतील?

२०२० ची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. मार्चमध्ये जग घरात बसत होतं, तेव्हा निकाराग्वा सरकारनं 'कोविड-१९ च्या काळातलं प्रेम' या नावानं रस्त्यावर मोर्चा काढला. त्या वर्षी चर्चनं संसर्गाच्या भीतीनं मिरवणुका रद्द केल्या आणि सरकारनं जत्रा चालू ठेवल्या. दोन वर्षांनी तेच सरकार मिरवणुकांना सुरक्षेच्या कारणानं नाही म्हणू लागलं. गर्दीची भीती नव्हती. गर्दी कुणी बोलावली, याची होती.

ही भीती अगदीच निराधार नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये निकाराग्वाची शेनिस पालासिओस मिस युनिव्हर्स झाली आणि त्या रात्री हजारो लोक निळा-पांढरा राष्ट्रध्वज घेऊन रस्त्यावर आले. २०१८ च्या आंदोलकांचं निशाण हाच झेंडा होता. सरकारी मोर्चांत लाल-काळा दिसतो. पाच वर्षांत पहिल्यांदाच लोक कुणी न बोलावता एवढ्या संख्येनं बाहेर पडले होते, तेही सौंदर्यस्पर्धेच्या निमित्तानं! सरकारनं आधी अभिनंदन केलं आणि मग काही दिवसांतच स्पर्धेच्या स्थानिक संचालिकेला देशात येऊ दिलं नाही. एका मुकुटावरून एवढं होतं, तर महिनाभर चालणाऱ्या मासायाच्या उत्सवाकडे हे सरकार कसं बघत असेल?

कोलकात्यापर्यंत पोचलेली झळ

या कारवाईत फक्त मिरवणुका अडकल्या नाहीत. व्हॅटिकनच्या राजदूताला २०२२ मध्ये बाहेर काढलं. जेझुइटांचं मानाग्वातलं विद्यापीठ २०२३ मध्ये जप्त झालं. ऑगस्ट २०२४ मध्ये एकाच दिवसात १,५०० संस्थांची नोंदणी रद्द झाली, त्यात इव्हँजेलिकल चर्चेसही होती. म्हणजे प्रश्न फक्त कॅथलिकांचा नाही.

आणि एक धागा थेट भारताशी जोडलेला आहे. जुलै २०२२ मध्ये मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या १८ सिस्टर्सना निकाराग्वातून जायला सांगण्यात आलं. त्यात भारतीय सिस्टर्सही होत्या. त्या तिथं वृद्धाश्रम आणि गरीब मुलांसाठी पाळणाघर चालवत होत्या. आरोप काय, तर कागदपत्रं अपुरी, परवाने नाहीत. बसनं त्यांना सीमेवर नेलं आणि कोस्टा रिकाच्या बाजूला त्या पायी चालत गेल्या. गंमत म्हणजे १९८० च्या दशकात या संस्थेला देशात येऊ दिलं तेव्हाही राष्ट्राध्यक्ष ओर्तेगाच होता.

मग लोक काय करतात?

ग्रितेरिया अजून होते. घरातली पुरिसिमा थांबवणं कुठल्याही पोलिसाला जमलेलं नाही, कारण तिला मिरवणूक लागत नाही, परवाना लागत नाही. दार, मूर्ती आणि उसाची मोळी एवढं पुरतं. पवित्र आठवड्यात लोक चर्चच्या अंगणातच गोल गोल फिरून क्रुसाची वाट पूर्ण करतात. बाहेर फाटकाशी पोलिस, आत मूर्ती खांद्यावर घेऊन चाललेली माणसं.

दुसरीकडे, २०१८ नंतर लाखो लोक देश सोडून गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये २२२ कैद्यांना विमानात बसवून अमेरिकेला पाठवलं आणि त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. काही दिवसांत आणखी ९४ जणांचं गेलं. बाकीचे पायी, बसनं, जमेल तसे गेले. कोस्टा रिकाच्या राजधानीत आणि मायामीच्या निकाराग्वी वस्त्यांत ७ डिसेंबरला तोच प्रश्न ओरडून विचारला जातो. तिथं रस्त्यावर देव्हारा मांडता येतो, मिरवणूक काढता येते. फक्त ८ डिसेंबरची सुट्टी नसते. सकाळी उठून कामावर जावं लागतं.